बीपी उतरत नाही? डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असतानाची गोष्ट. एका आज्जींचा बीपी महिनोन्‌महिने १७०/१०० च्या खाली येईना. मी दोनदा डोस वाढवला. तिसऱ्या खेपेला आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) दारातूनच म्हणाल्या, "सर, आज्जी रोज गोळी घेत न्हाईत. चक्कर येतीय म्हणून एक दिवसाआड खात्यात."

ताईंना हे आधीपासून ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं, आणि ओपीडीच्या गर्दीत त्या सांगणार तरी कधी?

म्हणून डोस वाढवण्याआधी औषधांची पिशवी मागवा, पट्ट्या मोजा. ३० गोळ्या देऊन महिना झाला आणि १४ शिल्लक असतील, तर दुखणं वेगळंच आहे. पण रागावू नका. एकदा ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी पिशवी घरीच ठेवून येतो.

"कळलं का?" हा प्रश्न तर सोडूनच द्या. मान हलतेच. त्यापेक्षा "आज्जी, सूनबाईंनी विचारलं तर गोळी कधी घ्यायची म्हणून सांगाल?" असं विचारा. उत्तर चुकलं तर आपलं समजावणं कमी पडलं. मिठाचंही तसंच. प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून थोडं कमीच मीठ पुरे. त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. हे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून सांगा.

डोंगरी भागात एका केंद्राकडे २०,००० लोकसंख्या धरतात, मैदानी भागात ३०,०००. एवढी घरं डॉक्टरला कळणं शक्य नाही. आशाताईंकडे साधारण हजारभर लोक असतात, त्यांना कळतात. आठवड्यातून एकदा ओपीडीआधी दहा मिनिटं आरोग्यसेविका, फार्मासिस्ट आणि आशा यांच्यासोबत बसा. पहिल्यांदा आशांना बोलू द्या, डॉक्टर आधी बोलला की बाकीचे गप्प होतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर रुग्णाचं नाव, फोटो टाकून हे काम उरकू नका.

कोल्हापूरच्या सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे या मोठ्या सरकारी रुग्णालयात) पाठवताना चिठ्ठीवर चालू गोळ्या, डोस आणि शेवटचा बीपी लिहा.

आज्जींचा बीपी उभं करून मोजला, तर एकदम खाली आला; चक्कर त्यामुळेच येत होती. गोळी बदलली. पुढच्या महिन्यात मी मागायच्या आधीच त्यांनी रिकाम्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या.