पाच फुटी अ‍ॅक्रिलिक टाकीचा स्टँड: लोखंड कुणीही जोडेल, सपाट बनवणं अवघड आहे

महापेला एक ऑफिस हलत होतं, तिथल्या रिसेप्शनची माशांची टाकी, अ‍ॅक्रिलिकची म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, कुणालाच नको होती, मी हो म्हणालो. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, १५ एमएमची शीट. टाकी मिळाली पण स्टँड नव्हता, आणि मला वाटलं त्यात काय, चार पाय आणि एक चौकट, शनिवारी वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ. केलं तसंच. नेरूळच्या घरी आणून अर्धी टाकी भरली आणि हात खाली घालून बघितलं तर तळ मधोमध खाली आलेला, हाताला चक्क पोट लागत होतं. रात्री अकरा वाजता मी आणि बायको बादल्यांनी पाणी उपसतोय, सासूबाई विचारतायत की मासे तरी आणलेत का अजून. नव्हते आणले, नशीब.

चूक वेल्डिंगवाल्याची नव्हती, कागदावर आकृती मीच काढून दिली होती. प्लास्टिकची चौकट असलेल्या काचेच्या टाक्या आपल्या कडांवर उभ्या राहतात, मधला तळ अधांतरी असला तरी चालतं, मी ते बघून स्टँड केला. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा वीसेक पट जास्त लवचीक आहे. त्याला तळाखाली सगळीकडे आधार लागतो, एक इंचही मोकळा सोडायचा नाही. वजन पेलणं हा या कामातला सोपा भाग आहे हो, भरल्यावरही वरचा पृष्ठभाग सपाट राहणं हा खरा भाग. दुसरा स्टँड याच हिशोबाने केला, तो कसा ते लिहितोय.

आधी वजन काढा. पाच गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे २० घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे ५६६ लिटर आणि तेवढेच किलो. रिकामी टाकी साधारण ७० किलो, वाळू दगड मिळून पन्नास-साठ, स्टँड शंभरच्या आसपास. आठशे किलोच्या घरात गेलं. आणि हे सगळं फक्त १० चौरस फुटांवर, म्हणजे चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या वर. आपल्या घरांचे स्लॅब ज्या कोडप्रमाणे डिझाइन होतात, आयएस ८७५, त्यात राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण २०० किलो. आता याचा अर्थ टाकी ठेवली की स्लॅब खाली असा नाही, कारण ते २०० किलो अख्ख्या खोलीभर धरलेले असतात आणि तुमची टाकी एका कोपऱ्यात असते, पण म्हणून कुठेही ठेवता येते असंही नाही. भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, आणि जमलं तर कॉलमच्या जवळ. खोलीच्या मध्यात नको. बाल्कनीत तर अजिबात नको, ती बाहेर लटकलेली असते. आणि बीम कुठे आहे हे खालच्या मजल्यावरच्यांच्या घरी चहाला जाऊन छताकडे बघितलं की कळतं, मी तेच केलं.

सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल, छताला सळई दिसत असेल, गळती असेल, तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. १५ वर्षांच्या वरच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वरच्यांना दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं, त्यामुळे कपाटात रिपोर्ट असायला हवा. ज्या इंजिनिअरने ते केलं त्याला एक फोन करा आणि हे आठशे किलो सांगा. तळमजलेवाल्यांनीही फार खूश होऊ नये, नवी मुंबईत बरीच जमीन भरावाची आहे, फरशीखालची माती बसली की स्टँड एका बाजूला कलतो.

फरशी पण वाजवून बघा. एक नाणं घ्या आणि जिथे पाय येणार तिथे टाईलवर टकटक करा, पोकळ आवाज आला तर खाली सिमेंट नीट भरलेलं नाही, ती टाईल आज ना उद्या तडकणार. माझ्याकडे सहापैकी एक पाय अशा टाईलवर येत होता म्हणून अख्खा स्टँड चार इंच सरकवला.

आता स्टँड. अमेरिकन व्हिडिओ बघून लाकडाचा करायचा मोह होतो, ते लोक दोन बाय चारच्या पट्ट्या आणतात आणि स्क्रू मारून दुपारपर्यंत मोकळे होतात. आपल्याकडे तसं वाळवलेलं सरळ लाकूड मिळवायचं म्हणजे वेगळी मोहीम, वर पावसाळ्यातली दमट हवा आणि वाळवी. मी एमएसच्या, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या, चौकोनी पाईपचाच केला. कळंबोलीला स्टील मार्केट आहे पण तीन पाईपसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही, फॅब्रिकेटर आणतोच, भाव किलोवर असतो. पाईप २० फुटी येतात, मला तीन लागले.

साईज ५० बाय ५० एमएम, जाडी ३ एमएम. फॅब्रिकेटर म्हणाला दादा कशाला एवढं, ४० बाय ४० दोन एमएम मध्ये करतो, हत्ती उभा करा वर. बरोबरच होतं त्याचं, तुटणार नव्हतं. पण मला हत्ती उभा करायचा नव्हता, मला पाईप वाकायला नको होता. तीच लांबी आणि तेच वजन असेल तर ५० चा पाईप ४० वाल्याच्या साधारण एक तृतीयांशच वाकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधले पाय. चार कोपऱ्यांना चार, आणि लांबीच्या मध्यावर पुढे एक मागे एक, असे सहा. पुढचा पाय कपाटाच्या दाराच्या मध्ये येतो म्हणून लोक काढून टाकतात, तो काढू नका. दर फुटावरचा भार तेवढाच ठेवून आधारातलं अंतर दुप्पट केलं की वाकणं सोळा पट होतं, दुप्पट नाही, सोळा. आणि अखंड पाईप असेल तर सगळ्यात जास्त वजन या मधल्या पायांवरच येतं, तेव्हा नाण्याची टकटक त्यांच्या जागी आधी करा.

वरची चौकट बाहेरून मोजून ६० बाय २४ इंच, म्हणजे टाकीएवढीच. थोडी मोठी चालेल, लहान नाही. चौकटीच्या आत दर १५ इंचांवर एक आडवा पाईप, असे तीन. खालीही तशीच चौकट. उंची मी २८ इंच ठेवली कारण सोफ्यावर बसून डोळ्यासमोर मासे यायला हवेत, उभ्याने बघायला आवडत असेल तर वाढवा, पण जितकं उंच तितकं डगमगणार.

वेल्डिंगच्या वेळी तिथे थांबा, चहा पाजा, पण थांबा. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे, पायाच्या बाजूला चिकटवलेली नको. डोक्यावर बसली तर वजन पाईपमधून सरळ जमिनीत जातं, बाजूला चिकटवली तर सगळं वजन वेल्डिंगच्या टाक्यावर. आधी सगळीकडे नुसते टाके मारून घ्यायला सांगा, मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा, मग दोन्ही कर्ण मोजा. ६० बाय २४ ला कर्ण ६४ इंच ५ सूत येतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन्ही सारखे आले की पक्कं वेल्डिंग, तेही एका कोपऱ्यात सलग नाही, समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून, नाहीतर उष्णतेने चौकट पिळते. माझी पहिली चौकट अशीच पिळली होती, जमिनीवर ठेवली की एक कोपरा वर.

मागच्या बाजूला तिरके सपोर्ट द्या, मधल्या पायाच्या दोन्ही बाजूंना एक एक. टाकी खाली कोसळत नाही कधी, ती आडवी हलते, पोरं धावत येऊन आपटतात, कुणीतरी कोपराने टेकतं, भरलेल्या टाकीतलं पाणी एकदा झुलायला लागलं की स्टँडलाही झुलवतं. तिरका सपोर्ट हे थांबवतो. मग वरच्या बाजूचे सगळे वेल्डिंगचे उंचवटे ग्राइंडरने पाईपच्या बरोबरीला आणायचे. बोट फिरवून बघा, नखाला काही अडकलं तर परत ग्राइंडर. पाईपची उघडी तोंडं पत्र्याने बंद करून घ्या नाहीतर आत पाणी जाऊन आतून गंजतं आणि बाहेरून कळतही नाही. प्रत्येक पायाखाली ४ इंची चौकोनी प्लेट, ६ एमएमची, तिच्याखाली रबर.

रंग: पॉलिश पेपर, रेड ऑक्साईड प्रायमर, दोन हात एनॅमल. इथे घाई नको. ओल्या रंगातला थिनर अ‍ॅक्रिलिकला बारीक बारीक चिरा पाडू शकतो, तेव्हा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी जवळपासही आणू नका, पावसाळ्यात मी दहा दिवस थांबलो. त्याच कारणाने टाकी पुसायला स्पिरिट किंवा अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे वापरू नका, साधं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

आता प्लाय, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. १९ एमएमचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. आठ बाय चारच्या एका शीटमधून पाच बाय दोनचे दोन तुकडे निघतात आणि तीन बाय चारचा उरतो तो खालच्या फळीला किंवा बाजूंना वापरता येतो. दोन्ही तुकडे एकावर एक चिकटवायचे, वॉटरप्रूफ गोंद सगळ्या पृष्ठभागावर पसरून, वर रात्रभर वजन ठेवून. मी लादीचे बॉक्स ठेवले, पिठाचा डबा, इस्त्री, मिळेल ते. पार्टिकल बोर्ड मात्र स्वस्त मिळाला तरी नको, एकदा पाणी सांडलं की तो फुगतो, आणि फुगलेला बोर्ड म्हणजे तळाखाली टेंगूळ. प्लाय चौकटीला स्क्रूने बसवायचा तो खालून, पाईपमधून वर, म्हणजे वरच्या बाजूला एकही स्क्रूचं डोकं नाही. कडांना आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारा. वर सनमायका मी मुद्दाम लावला नाही, खाली एक बुडबुडा राहिला तरी परत तोच प्रश्न.

मग दोरा ताणा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका, मग लांबीत, मग रुंदीत. दोरा आणि प्लायमध्ये कुठे पोस्टकार्ड जात असेल तर ते मी सोडून देतो, नाणं जात असेल तर सोडू नका, प्लाय काढा आणि खाली बघा. वर पाच-सहा एमएमचा फोम, योगा मॅट कापली तरी चालते. फोम वाळूचा एखादा कण, रंगाचा थेंब एवढं पोटात घेतो. वाकडी चौकट तो सरळ करणार नाही, लोक नेमकी तीच अपेक्षा ठेवतात. आणि तळाला चिकटलेला कागद किंवा फिल्म आधी सोलून काढा, अर्धवट सोललेली फिल्म खाली गोळा होते.

लेव्हल करताना सासरे आले, आयुष्य साईटवर गेलेलं त्यांचं. माझी नऊ इंची स्पिरिट लेव्हल बघून हसले आणि पारदर्शक नळी घेऊन ये म्हणाले. नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक या कोपऱ्याला एक त्या कोपऱ्याला, दोन्हीकडे पाणी त्याच उंचीवर थांबतं. पाच फुटांत दोन सुताचा फरक निघाला जो माझ्या लेव्हलने दाखवलाच नव्हता. सासरे म्हणाले, पाचर पायाखाली मार, टाकीखाली कधी नाही. तेच लक्षात ठेवा, उतार काढायचा तो फरशी आणि स्टँडच्या मध्ये, स्टीलच्या पातळ पट्ट्यांनी, सहाही पाय टेकेपर्यंत. टाकी आणि प्लायच्या मध्ये तो फोम सोडून कागदाचा तुकडाही नको.

टाकी चढवायच्या आधी स्टँडवर सहा माणसं बसवा, फोटो पण छान येतो. हलवून बघा. मग टाकी ठेवा, चारही बाजूंनी फोमवर बसली का बघा, आणि पाणी चार टप्प्यांत भरा, प्रत्येक टप्प्यानंतर लेव्हल, दोरा, आणि खालून टॉर्च मारून प्लाय. पहिल्या दिवशी अर्धी, रात्रभर तशीच, दुसऱ्या दिवशी उरलेली. पाणी एका बाजूला कडेपासून जास्त खाली दिसलं तर उपसा आणि पाचर सुधारा, भरलेल्या टाकीखाली पहार घालून उचलायला जाऊ नका, एका शेजाऱ्याने मला प्रेमाने हाच सल्ला दिला होता. तीन-चार दिवस नुसतं पाणी ठेवा, मग ते झाडांना घाला आणि वाळू दगड टाका.

वायरिंगचं थोडक्यात: एक्स्टेंशन बोर्ड स्टँडच्या आत खाली ठेवू नका, भिंतीवर पाण्याच्या पातळीपासून बाजूला लावा, आणि प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातच टपकेल. घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर मासे आणायच्या आधी बसवून घ्या.

महिन्याने परत नळी लावली, एक मागचा पाय अर्धा सूत खाली गेला होता. रबर दबलं असणार. तिथेच सोडून दिलं आहे, पेन्सिलने भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण केली आहे आणि दर पहिल्या रविवारी बघतो.