आर भाषेत संख्या आणि वर्गवारी कशी हाताळावी

समजा, पणजी, म्हापसा आणि मडगाव येथील बाजारांतील मासळीच्या दरांचा तक्ता आपल्यापाशी आहे आणि त्यात तालुका, पिनकोड, मासळी, आकार व किलोचा दर असे स्तंभ आहेत. तो 'आर' या आकडेवारीच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकभाषेत घेण्याआधी प्रत्येक स्तंभाविषयी एक गोष्ट ठरवावी: त्यातील नोंदींच्या बेरजेला किंवा सरासरीला काही अर्थ आहे का? दराच्या बाबतीत आहे. पणजीचा ४०३००१ आणि मडगावचा ४०३६०१ हे पिनकोड अंकांत लिहिलेले असले, तरी ती नावेच आहेत. म्हणून 'रीड.सीएसव्ही'ने फाइल वाचतानाच 'कोलक्लासेस' या पर्यायात पिनकोडाचा प्रकार 'कॅरेक्टर', म्हणजे मजकूर, असा नोंदवावा.

फाइल वाचून झाल्यावर 'एसटीआर' ही आज्ञा द्यावी, म्हणजे प्रत्येक स्तंभाचा प्रकार दिसतो. दराचा स्तंभ मजकूर म्हणून आला असेल, तर कारण बहुधा क्षुल्लक असते. कोठेतरी हजारांनंतर स्वल्पविराम असतो, रिकाम्या जागी आडवी रेघ असते, किंवा मराठीत भरलेल्या तक्त्यात देवनागरी अंक असतात, जे 'आर' संख्या म्हणून ओळखत नाही. स्वल्पविराम 'जीसब'ने काढावेत, देवनागरी अंक 'सीएचएआरटीआर'ने इंग्रजी अंकांत बदलावेत आणि त्यानंतरच मजकुराचे संख्येत रूपांतर करणारे 'अ‍ॅज.न्यूमेरिक' वापरावे. रूपांतर न झालेल्या नोंदी 'एनए', म्हणजे 'माहिती नाही', अशा होतात व इशारा मिळतो. तो इशारा दुर्लक्षून पुढे जाऊ नये.

वर्गवारीच्या स्तंभासाठी 'फॅक्टर' हा प्रकार आहे. तो प्रत्येक वर्गाला आतून १, २, ३ असा क्रमांक देतो, आणि खरा धोका येथेच आहे. दर चुकून फॅक्टर झाले असतील आणि त्यात ९५, १८० व २४० असतील, तर वर्ग मजकुराच्या क्रमाने लागतात: १८०, २४०, ९५. अशा स्तंभावर थेट 'अ‍ॅज.न्यूमेरिक' चालवल्यास ९५ च्या जागी ३ मिळतात, आणि कोणताही इशारा मिळत नाही. म्हणून आधी 'अ‍ॅज.कॅरेक्टर' आणि मग 'अ‍ॅज.न्यूमेरिक' हाच क्रम पाळावा. २०२० मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीपासून मजकूर आपोआप फॅक्टर होत नाही. जुन्या प्रोग्रामांत मात्र ही शक्यता गृहीत धरावी.

आकाराचे वर्ग लहान, मध्यम, मोठा असे असतील, तर वर्णक्रमाने ते मध्यम, मोठा, लहान असे लागतील. त्यामुळे 'लेव्हल्स'मध्ये, म्हणजे फॅक्टरच्या वर्गांच्या यादीत, योग्य क्रम स्वतः लिहून द्यावा आणि 'ऑर्डर्ड' हा पर्याय 'ट्रू' ठेवावा. मासळीच्या नावांना असा क्रम नसतो, तेथे तो लादू नये.

तालुक्याच्या स्तंभात अधिक वेळ जातो. एकाच तालुक्यासाठी कोणी 'सासष्टी' लिहितो, कोणी 'साष्टी', तर कोणाच्या नोंदीत शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा राहते. 'आर'च्या दृष्टीने हे तीन वेगळे तालुके ठरतात. 'टेबल'ने मोजणी पाहावी, 'ट्रिमडब्ल्यूएस'ने कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात, लेखन एकसारखे करावे आणि मगच फॅक्टर बनवावा. 'लेव्हल्स'मध्ये गोव्यातील बाराही तालुके लिहिले, तर नोंद नसलेल्या तालुक्यापुढे शून्य दिसते, जे अहवालात उपयोगी पडते. असे रिकामे वर्ग नको असल्यास 'ड्रॉपलेव्हल्स' वापरावे. २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांशी ही माहिती जोडायची असेल, तर त्यांत तालुके ११ आहेत आणि धारबांदोडा नाही, हे लक्षात घेऊन दोन्हींकडील वर्ग आधी जुळवून घ्यावेत.