खेड्यात राहायला आलात आणि कॉम्प्युटरवर विंडोज-लिनक्स दोन्ही आहेत? मग गेमची प्रोफाइल आधी नीट लावून घ्या

मी पुण्याहून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. बदलीवर येणारे शिक्षक, बँकेतले लोक, घरून काम करणारी जोडपी सामान लावून झालं की माझ्याकडे चौकशीला येतात. पाणी किती वाजता येतं, लाइन कधी जाते, कूलरचं गवत कुठे मिळतं. घरात शाळकरी पोर असेल तर आणखी एक प्रश्न ठरलेला असतो. विंडोजमध्ये खेळलेला गेम लिनक्समध्ये उघडला की पहिल्यापासून का सुरू होतो?

कारण साधं आहे. दोन्ही सिस्टिम एकाच कॉम्प्युटरवर असल्या तरी गेम आपली प्रगती दोन वेगवेगळ्या ठिकाणी लिहितो. स्टारड्यू व्हॅली विंडोजमध्ये ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात लिहितो, लिनक्समध्ये होम फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात. युरो ट्रक सिम्युलेटर २ विंडोजमध्ये डॉक्युमेंट्समध्ये लिहितो, लिनक्समध्ये लोकल-शेअरमध्ये. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला दिसत नाही.

शहरात यावर उत्तर असतं, क्लाउड सेव्ह चालू करा, म्हणजे प्रगती नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर राहते. इथे त्याच्या भरवशावर राहू नका. क्लाउडचं काम गेम सुरू आणि बंद होताना, नेट असेल तर होतं. इथे लाइन गेली की राउटर जातो, जास्त वेळ गेली की टॉवरही मान टाकतो, आणि पावसाळ्यात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर दुसरी येईपर्यंत वाट बघणं एवढंच हाती असतं. अशा वेळी एका सिस्टिममधली प्रगती वर पोचत नाही, दुसरी जुनीच उचलते, आणि मग कोणती ठेवायची असं स्टीम, म्हणजे ज्या ॲपमधून गेम घेतो आणि चालवतो ते, विचारतं. घाईत पोरं चुकीचं बटण दाबतात.

त्यामुळे डिस्कवर एक तिसरं पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करा आणि सेव्ह, म्हणजे गेमने लिहिलेली प्रगती, तिथे ठेवा. ते कोणत्या प्रकारचं असावं, यावर माझं मत पक्कं आहे: एनटीएफएस. लिनक्सचं ईएक्सटी४ विंडोजला आपणहून वाचता येत नाही. एक्सफॅट दोघांनाही वाचता येतं, पण त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, म्हणून लिहिता लिहिता लाइन गेली तर फाइलींचा हिशेब बिघडण्याची भीती जास्त. आपल्याकडे हा विचार आधी करायचा. एनटीएफएस लिनक्समध्ये पूर्वीपासून एनटीएफएस-३जी हा वेगळा ड्रायव्हर वापरून चालतं, आणि २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) पूर्ण लिहिण्या-वाचण्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. मात्र बिघडलं तर दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्क या डिस्क तपासायच्या कमांडनेच करायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ दाबलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्वतःची अर्धी अवस्था डिस्कवर लिहून झोपी जातं आणि डिस्क अजून माझ्याच ताब्यात आहे अशी खूण ठेवतं. मग लिनक्स ते पार्टिशन उघडायलाच नकार देतं किंवा फक्त वाचण्यापुरतं उघडतं. पोर तासभर खेळतं, गेम सेव्ह करायला जातो आणि लिहिताच येत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायचं पान उघडा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. हायबरनेटचंही तेच. यूपीएस टीं-टीं वाजायला लागली की पुष्कळ जण हायबरनेट करतात. करू नका. गेम सेव्ह करा आणि कॉम्प्युटर सरळ बंद करा. कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, म्हणून कॉम्प्युटर आणि कूलर एका बोर्डवर लावू नका.

यानंतर जोडणी. आधी दोन्ही बाजूंचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग जे पुढे गेलेलं आहे ते नव्या पार्टिशनवर ठेवा आणि जुन्या जागी फक्त त्या फोल्डरची लिंक करा. विंडोजमध्ये एमकेलिंक या कमांडने जंक्शन बनवायचं, लिनक्समध्ये सिमलिंक; दोन्ही लिंकचेच प्रकार. लिनक्समध्ये हे पार्टिशन सुरुवातीलाच माउंट होईल, म्हणजे जोडलं जाईल, असं एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलीत लिहा, नाव म्हणून यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, द्या आणि ‘नोफेल’ हा शब्द घाला, म्हणजे डिस्कने कधी दगा दिला तरी कॉम्प्युटर सुरू होताना अडकणार नाही. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स वनड्राइव्हकडे सोपवलेलं असेल तर खरं फोल्डर तिकडे असतं, तेही तपासा.

लिंक फक्त सेव्हची करा. ग्राफिक्सच्या सेटिंग्ज दोन्हीकडे वेगळ्या राहू द्या. युरो ट्रकमध्ये कंट्रोल्सची फाइल प्रोफाइलच्याच फोल्डरात असते, त्यामुळे सिस्टिम बदलल्यावर गेमपॅड पुन्हा बसवावा लागू शकतो. तेवढं चालवून घ्यायचं. विंडोजचाच गेम लिनक्समध्ये प्रोटॉनवर, म्हणजे त्यासाठीच्या स्टीमच्या साधनावर, चालवत असाल तर सेव्ह कॉम्पॅटडेटा फोल्डरामधल्या, गेमच्या आकड्याच्या नावाच्या फोल्डरात खोलवर असतात. तो आख्खा डोलारा एनटीएफएसवर हलवू नका. त्यात कोलन (:) असलेली नावं असतात आणि विंडोजला ती चालत नाहीत. आतलं सेव्हचं फोल्डर तेवढं जोडा.

इथे घर म्हणजे शेजारच्या पोट्ट्यांचंही घर. सुट्ट्या लागल्या की दुपारी उन्हात कोणी बाहेर पडत नाही, सगळी तुमच्या कूलरपाशी येतील आणि ट्रक चालवतील. ‘काकू, माहा ट्रक कुठी गेला?’ हे ऐकायचं नसेल तर प्रत्येकाला वेगळी प्रोफाइल करून द्या आणि ती करताना स्टीम क्लाउडची खूण काढून ठेवा. युरो ट्रकमध्ये प्रोफाइलचं फोल्डर उघडलं की नुसते आकडे-अक्षरं दिसतात, घाबरू नका. प्रोफाइलचंच नाव तिथे हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी एका ठरलेल्या कोडमध्ये, लिहिलेलं असतं. इंग्रजी लिपीत रवी (Ravi) असं चार अक्षरी नाव दिलं तर फोल्डर ५२६१७६६९ होतं: ‘आर’चे ५२, ‘ए’चे ६१, ‘व्ही’चे ७६, ‘आय’चे ६९. कोणाचं फोल्डर कोणतं ते यावरून कळतं, आणि एकट्या रवीचीच प्रगती परत आणायची असेल तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

घड्याळही बघा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली भारतीय वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे सिस्टिम बदलली की साडेपाच तासांचा फरक पडतो. नेट असलं की दुरुस्त होतो, नसलं की तसाच राहतो, आणि मग आधी केलेलं सेव्ह नंतरचं वाटतं. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या कमांडने स्थानिक वेळ धरायला सांगा. जाणकार लोक उलट विंडोजला जागतिक वेळ धरायला लावतात. ते जास्त बरोबर आहे, पण त्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, बदल करावा लागतो.

जूनमध्ये आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि नेटची केबल दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा, प्रत्येक वेळी त्या तारखेच्या नावाने नवं फोल्डर करून. मागची दोन-तीन राहू द्या.