पावसाळ्यातील दूध तपासणी: रंग बदलणाऱ्या नॅनोझाइम संचांचा वापर

पावसाळ्यात गोठा ओला राहिल्याने कासदाह, म्हणजेच दगडी, बळावतो आणि सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडण्याची वेळ वारंवार येते. औषधाचा अंश दुधात उतरतो, उकळूनही तो पुरता जात नाही, आणि असे दूध मिसळले गेल्यास विरजणसुद्धा नीट लागत नाही.

हा अंश ओळखण्यासाठी नॅनोझाइमवर, म्हणजे एन्झाइमसारखे (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या जैविक पदार्थासारखे) काम करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर, आधारित तपासणी पद्धती विकसित होत आहेत. लोह ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पेरॉक्सिडेज या एन्झाइमसारखे काम करतात, हे २००७ मध्ये दाखवले गेले. हायड्रोजन पेरॉक्साइड सोबत असेल, तर ते टीएमबी या रंगहीन रसायनाला निळे करतात. सोन्याच्या नॅनोकणांतही हा गुण आहे. त्यांच्यावर डीएनएचा विशिष्ट तुकडा बसवला की ही क्रिया दबते; नमुन्यात कॅनामायसिन हे प्रतिजैविक असेल, तर तो तुकडा त्याला जाऊन चिकटतो, कण मोकळे होतात आणि निळा रंग उमटतो. काही रचनांमध्ये मात्र नेमके उलट घडते, म्हणजे अवशेष असल्यास रंग फिका पडतो. म्हणून निळा रंग म्हणजे दोष की निर्दोष, हे माहितीपत्रक वाचूनच ठरवावे.

खरी अडचण कच्च्या दुधातच आहे. त्यात लॅक्टोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम मुळातच असते आणि तेही टीएमबीला निळे करू शकते. शिवाय लोह ऑक्साइडचे कण आम्लधर्मी द्रावणात, सामू ४ च्या आसपास, उत्तम काम करतात, तर ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. त्यामुळे नमुना गाळणे, तापवणे किंवा त्यात बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) मिसळणे यांपैकी जी पूर्वप्रक्रिया संचात सांगितली असेल, ती घाईत वगळू नये. वगळल्यास दिसणाऱ्या रंगाला काहीच अर्थ उरत नाही. औषध न दिलेल्या जनावराचे दूध प्रत्येक वेळी शेजारी तपासावे आणि दोन्ही रंग दिलेल्या वेळेतच, उजेडात पण थेट उन्हात नव्हे, ताडून पाहावेत. दमट हवेत संच घट्ट झाकून ठेवावा.

एका औषधाचा संच दुसऱ्या औषधाबद्दल काही सांगत नाही. दुधातील अंशाच्या मर्यादाही वेगवेगळ्या आहेत: कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकांनुसार बेंझिलपेनिसिलिनसाठी किलोमागे ४ मायक्रोग्रॅम, तर टेट्रासायक्लिनसाठी लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम. म्हणून चाचणी निर्दोष दिसली, तरी पशुवैद्यकाने सांगितलेला दूध वगळण्याचा काळ कमी करू नये, आणि एकाच सडात ट्यूब सोडली असली तरी चारही सडांचे दूध बाजूला काढावे.