गेम रिव्ह्यू स्पर्धेचं परीक्षण करताय? या चुका टाळा

हौशी गेम रिव्ह्यूंच्या स्पर्धेत निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांत. परीक्षक प्रवेशिका उघडतो, आपल्या आवडत्या गेमला १० पैकी ४ गुण दिलेले पाहतो आणि पुढचं सगळं वाचन त्या नाराजीतून होतं. उलटही तितकंच घडतं. स्पर्धकाचं मत आपल्या मताशी जुळलं की त्याच्या ढिसाळ वाक्यांतही आपल्याला नेमकेपणा दिसू लागतो. माणसाच्या एका वैशिष्ट्याची छाप त्याच्या बाकीच्या वैशिष्ट्यांबद्दलच्या आपल्या मतावर पडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. रिव्ह्यूच्या बाबतीत ती छाप जास्त गडद असते, कारण गेमशी आपला जीव जडलेला असतो.

परीक्षकाने तपासायचं असतं ते स्पर्धकाचं लेखन. गेम चांगला की वाईट, हे त्या दिवशी आपल्याला ठरवायचं नसतं. हे पटलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

यासाठी एक साधी चाचणी आहे. शेवटचा परिच्छेद आणि लेखकाने गेमला दिलेले गुण झाकून ठेवा आणि उरलेला रिव्ह्यू वाचा. लेखकाचा कौल काय असेल, याचा अंदाज येतो का? येत असेल तर युक्तिवाद उभा आहे, मग तो कौल तुम्हाला कितीही चुकीचा वाटो. येत नसेल, किंवा मजकूर एका दिशेला आणि गुण भलत्याच दिशेला जात असतील, तर ती लेखनातली उणीव आहे. गुण तिथे कापावेत.

विशेषणांना भुलू नका

समजा, २०१८ मध्ये आलेल्या ‘सेलेस्ट’ या उड्या मारत डोंगर चढण्याच्या गेमवर दोन प्रवेशिका आल्या आहेत. पहिलीतला एक परिच्छेद असा:

“गेमचे कंट्रोल्स अतिशय स्मूथ आहेत आणि गेमप्ले जबरदस्त खिळवून ठेवणारा आहे. लेव्हल डिझाइन तर लाजवाब! गेम कठीण आहे, पण खेळताना खूप मजा येते. संगीत मनाला भिडतं.”

दुसरीतला असा:

“हवेत एकदाच डॅश, म्हणजे झपाट्याची झेप, मारता येतो, पाय जमिनीला टेकले की तो परत मिळतो. त्यामुळे उडी मारण्याआधीच मी पुढे पाय कुठे टेकणार ते शोधू लागलो. मेलो तरी क्षणात त्याच खोलीत परत उभा, त्यामुळे चिडायला सवडच मिळत नाही. पण वाटेतली स्ट्रॉबेरी पकडल्यावरही सुखरूप जमिनीवर पोहोचेपर्यंत ती आपल्या खात्यात जमा होत नाही, हा नियम मला शेवटपर्यंत जाचक वाटला.”

पहिल्या परिच्छेदातलं ‘सेलेस्ट’ काढून कुठल्याही दुसऱ्या उडी मारण्याच्या गेमचं नाव टाका, एक शब्दही बदलावा लागणार नाही. दुसऱ्यात तसं करता येत नाही. तिथे नियम आहे, त्या नियमाने खेळाडूच्या डोक्यात काय बदललं ते आहे आणि एक तक्रारही आहे. ती तक्रार मला अजिबात मान्य नाही. माझ्या मते स्ट्रॉबेरीची सगळी गंमत त्या परतीच्या उडीतच आहे. तरी मी त्या वाक्याला पूर्ण गुण देईन, कारण लेखकाने कारण समोर ठेवलं आहे आणि मला त्याच्याशी वाद घालता येतो.

घाईत वाचणारा परीक्षक अनेकदा पहिल्या परिच्छेदाला ‘ओघवती शैली’ म्हणून झुकतं माप देतो आणि दुसऱ्याला ‘थोडा रूक्ष’ असा शेरा मारतो. स्पर्धेचं यापेक्षा मोठं नुकसान नाही. त्यातून स्पर्धक शिकतो ते हेच, की पुढच्या वर्षी विशेषणं वाढवावीत.

याच्या जोडीला येतो तो साचा: कथा, ग्राफिक्स, आवाज, गेमप्ले, निष्कर्ष. प्रत्येकावर एक परिच्छेद, सगळे सारख्याच लांबीचे. साचा वापरला म्हणून गुण कापू नका, नवख्याला त्याचा आधार वाटतो. पण साच्यातला एखादा कप्पा रिकामा ठेवला म्हणूनही कापू नका. ‘टेट्रिस’वर लिहिताना कथेचा परिच्छेद कशाला हवा? ज्या गेममध्ये कान देऊन शत्रूची चाहूल घ्यावी लागते, तिथे अर्धा रिव्ह्यू आवाजावर खर्च झाला तर ती लेखकाची समज आहे.

‘ही माहिती चुकीची आहे’ असं लिहिण्याआधी

गेम ही स्थिर वस्तू राहिलेली नाही. २०१६ मध्ये आलेला ‘नो मॅन्स स्काय’ आणि नंतरच्या अनेक मोफत अपडेट्सनंतरचा ‘नो मॅन्स स्काय’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो पहिल्या महिन्यात खेळून बाजूला ठेवलेला परीक्षक आजचा रिव्ह्यू वाचताना, मित्रांसोबत मिळून तळ बांधण्याचा भाग आला की, ‘हे तर गेममध्ये नाहीच’ म्हणून सहज लाल रेघ मारू शकतो.

दुसरा प्रश्न कुठल्या यंत्रावर खेळला याचा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला. आधी प्रसिद्ध झालेले रिव्ह्यू पीसी आवृत्तीवर बेतलेले होते. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांच्यावर मात्र तोच गेम इतका अडखळत होता, की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या डिजिटल स्टोअरवरून काढून घेतला. म्हणजे ‘गेम सुरळीत चालतो’ आणि ‘गेम सतत बंद पडतो’ ही दोन्ही विधानं एकाच दिवशी खरी असू शकतात.

म्हणून आयोजकांनी प्रवेशिकेच्या वरच तीन गोष्टी मागून घ्याव्यात: कुठल्या यंत्रावर खेळला, साधारण केव्हा किंवा कुठल्या आवृत्तीत खेळला, आणि किती खेळला. स्पर्धा सुरू झाली असेल आणि हे मागायचं राहून गेलं असेल, तर शंका असलेल्या विधानावर गुण कापण्याआधी पडताळून पाहा. पडताळता आलं नाही तर फायदा स्पर्धकाला द्या.

आणि हो, ‘गेम पूर्ण केला नाही’ एवढ्यावरून प्रवेशिका बाद करू नका. काही गेम शंभर तास चालतात, काहींना शेवटच नसतो. बघायचं ते एवढंच, की लेखकाने जितकं खेळलं त्यापलीकडचे दावे तो करतोय का. आठ तास खेळून ‘सुरुवातीचे आठ तास कसे होते’ हे प्रामाणिकपणे लिहिलेला रिव्ह्यू चालेल. आठ तास खेळून ‘कथेचा शेवट फसला आहे’ म्हणणारा चालणार नाही.

गुणांची पट्टी कोणाची?

रिव्ह्यूच्या शेवटी लेखक देतो त्या आकड्यावरून परीक्षकांत बरीच भांडणं होतात. १० पैकी ७ म्हणजे एकाला ‘उत्तम’, दुसऱ्याला ‘चालेल’ आणि तिसऱ्याला ‘लांब राहा’. व्यावसायिक जगातही यावर एकमत नाही. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळावर चित्रपटाला ६१ गुणांपासून अनुकूल मानतात, गेमला मात्र त्यासाठी ७५ लागतात. जपानच्या ‘फॅमित्सू’ या गेमविषयक साप्ताहिकात चार समीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि बेरीज ४० पैकी होते. ‘युरोगेमर’ या गेमविषयक संकेतस्थळाने २०१५ मध्ये गुण देणंच बंद केलं, पुढे २०२३ मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत घेऊन परत सुरू केलं.

तेव्हा स्वतःची पट्टी स्पर्धकावर लादू नका. त्याने आपली पट्टी सांगितली असेल तर ती धरा. नसेल तर आकड्याकडे दुर्लक्ष करून मजकूर वाचा. नियमात गुण देणं सक्तीचं नसेल, तर आकडा नाही म्हणून रिव्ह्यू अपुरा ठरत नाही.

‘तुला खेळता येत नाही’ हा शेरा नको

कठीण गेमबद्दल तक्रार करणाऱ्या स्पर्धकाला परीक्षक खेळाडू म्हणून मोजू लागतो. २०१९ च्या ‘सेकिरो’मध्ये काठिण्यपातळी निवडायची सोयच नाही. एखाद्याने लिहिलं, की एका बॉसपाशी, म्हणजे बलाढ्य मुख्य शत्रूपाशी, तो अडकला, शत्रूच्या हल्ल्याआधीची खूण त्याला दिसतच नव्हती आणि तिथेच त्याने गेम सोडला, तर तो वाचकाला उपयोगी पडेल असा अनुभव आहे. त्याच्यासारखेच अनेक वाचक असतील. ‘गेम फालतू आहे, फार कठीण’ एवढंच लिहिलं असेल तर गुण कापा, पण ते कारण दिलं नाही म्हणून. बॉस हरवला की नाही, याच्याशी आपला संबंध नाही.

उचलेगिरीचा संशय

काही प्रवेशिका गेम न खेळताच लिहिलेल्या असतात. स्टोअरच्या पानावरचं वर्णन फिरवून, ट्रेलर बघून किंवा दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ पाहून. त्या ओळखू येतात त्या त्यांत काय नाही यावरून. बटणं हाताला कशी बसतात, मेनूत काय शोधावं लागलं, हरल्यावर किती मागून सुरुवात करावी लागते, पहिल्या तासात काय कळलं नाही, यातलं काहीच नसतं. वैशिष्ट्यं मात्र जाहिरातीतल्या क्रमानेच येतात.

तरी थेट आरोप करू नका. आयोजकांमार्फत स्पर्धकाला दोन साधे प्रश्न पाठवा: कुठल्या ठिकाणी सर्वांत जास्त वेळा हरलास, आणि तिथून पुढे कसा गेलास? खेळलेला माणूस यावर भरभरून लिहितो. मजकूर यंत्राने लिहिला आहे का, हे सांगणाऱ्या साधनांच्या टक्केवारीवर विसंबून कुणाला बाद करू नका. ती साधनं चुकतात, आणि नीटनेटकं लिहिणाऱ्या एखाद्या प्रामाणिक मुलीवर त्यातून ठपका येतो.

वाचनाचा क्रम आणि थकवा

१९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. गुणांत प्रचंड तफावत निघाली. निबंध आहे म्हणून असं झालं असेल, असं वाटेल. पण पुढच्या वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेचंही तेच झालं. अनुभवी माणूस आहे म्हणून त्याची पट्टी पक्की, असं धरून चालता येत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. परीक्षकांनी आधी तीन-चार प्रवेशिका एकत्र बसून तपासाव्यात आणि गुण वेगळे पडले तर का ते बोलावं. मग सगळ्या प्रवेशिका एकदा गुण न देता वाचाव्यात. दुसऱ्या वाचनात क्रम उलटा करावा, कारण अप्रतिम रिव्ह्यूनंतर आलेला बरा रिव्ह्यू उगाच मार खातो. शुद्धलेखनाला किती गुण, स्पॉयलरला, म्हणजे कथेचं रहस्य फोडण्याला, किती वजा, हे पहिली प्रवेशिका उघडण्याआधी कागदावर हवं. स्पॉयलरबाबत माझं मत विचाराल तर, आधी इशारा देऊन फोडलेला शेवट गुन्हा नाही. पहिल्याच ओळीत सहज फोडलेला मात्र वाचकावर अन्याय आहे.

अभिप्राय: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

बक्षीस तिघांना मिळतं, अभिप्राय सगळ्यांना. ‘आणखी खोलात जायला हवं होतं’, ‘प्रयत्न चांगला’, ‘भाषेवर काम करा’ हे शेरे वाचून स्पर्धकाने उद्या नेमकं काय करायचं? त्याला काहीच कळत नाही.

त्याऐवजी जागा दाखवा. “तिसऱ्या परिच्छेदात लढाई कंटाळवाणी म्हटली आहे. शत्रू तेच ते येतात म्हणून, की एकच चाल सगळ्यांवर चालते म्हणून? एक प्रसंग सांगितला असता तर मला पटलं असतं.” हे लिहायला मिनिटभर जास्त लागतो. स्पर्धकाला मात्र ते वर्षभर पुरतं.

त्याचं वाक्य स्वतःच्या शैलीत लिहून देण्याचा मोह टाळा. अडचण सांगा, प्रश्न विचारा, तिथे थांबा. आणि पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला दहा चुका मोजून दाखवू नका. सर्वांत महत्त्वाच्या दोन पुरेत. चांगलं काय होतं तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. ‘छान लिहिलंय’ पेक्षा “नकाशा बंद करून खेळायला लागल्यावर शहर ओळखीचं झालं, हे तुमचं वाक्य मला सर्वांत आवडलं” याने त्याला आपली ताकद कुठे आहे ते समजतं.

निकाल आयोजकांकडे देण्याआधी प्रत्येक प्रवेशिकेचे गुण आणि तुमचा अभिप्राय शेजारी ठेवून वाचा. अभिप्रायात भरभरून कौतुक आणि गुण निम्म्याहून कमी, किंवा गुण भरपूर आणि शेऱ्यात नुसत्या तक्रारी, असं दिसलं तर दोन्हींपैकी एक चुकलं आहे. ती प्रवेशिका पुन्हा उघडा.