लहान मुलांसोबत वाळवंटात जाताय? या चुका टाळा

वाळवंटाची सहल ठरली की आईवडील ठिकाणांची यादी करायला बसतात. टेकड्या कुठल्या, उंटावर कधी बसायचं, सूर्यास्त कुठून छान दिसतो. मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर त्याआधी एक प्रश्न सोडवा: सकाळी अकरा ते दुपारी चार आपण कुठे असणार? उत्तर ‘तिथे गेल्यावर बघू’ असेल, तर बुकिंग करू नका.

सर्वांत मोठी चूक ही दुपार मोकळी सोडण्याचीच. वाळवंटात मुलांना घेऊन फिरता येतं ते उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत आणि मग ऊन कललं की. मधला वेळ सावली, गार खोली, जेवण आणि झोप यांचा. सकाळी आठला मूल ज्या वाळूत अनवाणी लोळतं, तीच वाळू भर उन्हाळ्याच्या दुपारी 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते. म्हणून मुक्काम ठरवताना ‘दुपारी खोली गार राहते का? वीज गेली तर काय?’ हे फोन करून विचारा. कापडी तंबू फोटोत देखणे दिसतात, दुपारी त्यांची भट्टी होते. रात्र तंबूत काढायची हौस असेल तर दुपारसाठी भिंतींची खोली हवीच.

हंगामाचंही तेच. सहारा, थार, अरबस्तान इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. नामिबिया किंवा ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मे ते ऑगस्ट. बिगरहंगामात स्वस्त मिळतंय म्हणून तान्ह्याला घेऊन उन्हाळ्यात जाणं हा सरळसरळ वेडेपणा आहे. आणि थंडीत जाताना फक्त सुती कपडे भरणं ही उलट बाजूची चूक. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. दुपारी पंचवीस-सव्वीस अंश असलेला पारा पहाटे पाच-सहा अंशांवर येऊ शकतो.

‘घाम येत नाहीये, म्हणजे ठीक आहे’ हा समज सोडा. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे ती बाहेरची उष्णता लवकर घेतात. आणि खेळात रमलेलं मूल तहान लागली तरी सांगत नाही. ‘पाणी हवंय का?’ असं विचारलं की उत्तर ‘नको’च येतं. विचारू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी बाटली तोंडाशी न्या. खरी खूण लघवीची: गडद पिवळी झाली किंवा सहा तास डायपर कोरडाच राहिला, तर पाणी कमी पडतंय. रडताना डोळ्यांत पाणी नसेल, ओठ सुकले असतील, मूल मलूल असेल तर डॉक्टर गाठा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी पाजायचं नाही. अंगावरचं किंवा डब्याचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्या.

ओआरएसची पाकिटं सगळेच नेतात, पण अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात अंदाजाने ढवळतात. तसं दाट द्रावण अपाय करतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या, बहुतेकदा एक लिटर पाण्यात, अख्खं पाकीट घाला आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

बाबागाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकून ‘सावली’ करू नका. आत हवा कोंडते आणि तापमान चढतं. छत्री लावा किंवा वरचं छप्पर पुढे ओढून बाजू उघड्या ठेवा. बंद गाडीत मुलाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, काच थोडी खाली असली तरी नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी वाढतं. उन्हात उभ्या गाडीत मुलाला बसवताना सीटबेल्टचं धातूचं बक्कल आधी आपल्या बोटाने चाचपा. मांडीला चटका बसतो तो त्याचाच.

सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वरचं, दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला लांब बाह्यांचे सैल कपडे आणि सावली हेच सनस्क्रीन.

आता एक धोका, ज्याचा विचार फार कमी जण करतात: वाळूत खोल खड्डा. कोरड्या वाळूच्या भिंती काही सूचना न देता ढासळतात आणि आत बसलेलं मूल गाडलं जाऊ शकतं. खेळणाऱ्यांतल्या सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापर्यंतच खणू द्या, बोगदा तर नाहीच. डोळ्यांत वाळू गेली तर मुलाचे हात धरा, चोळू देऊ नका, आणि स्वच्छ पाण्याची संथ धार सोडा. नाकातून रक्त आलं (कोरड्या हवेत येतंच) तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरायचा. मधेच सोडून बघण्याचा मोह आवरा. बूट सकाळी झटकून घाला, विंचू रात्री फिरतात आणि उजाडताना आडोसा शोधतात.

मूल चिडचिडं झालं, डोकं दुखतंय म्हणालं, उलटी झाली, तर खेळ बंद. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोट घोट पाणी द्या. मूल असंबद्ध बोलू लागलं, झटका आला किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. तोंडात काही घालू नका, ताबडतोब मदत बोलवा आणि तोवर थंड पाण्याने अंग गार करत राहा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

गाडी वाळूत रुतली तर मुलांना घेऊन चालत निघू नका. गाडीपाशीच, तिच्या सावलीत थांबा. शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

राहता राहिलं तारे बघणं. रात्री अकरापर्यंत मुलांना जागं ठेवण्याचा अट्टहास सगळे करतात आणि रडारडीत सगळ्यांचा मूड जातो. अमावास्येच्या आसपास जा, मुलांना आठला झोपवा आणि पहाटे, झुंजुमुंजू व्हायच्या बऱ्याच आधी उठवा. स्वेटर आणि कानटोप्या रात्रीच उशाशी काढून ठेवा, नाहीतर अंधारात बॅगा उपसताना धाकटं किंचाळत उठतं आणि मोठं पुन्हा झोपून जातं.