म्युझिक प्लेअरची ‘जगावेगळी’ चार्जिंग केबल: कोणती तार कुठे जाते, हे कसं शोधावं

केबलचं यूएसबीचं टोक सगळीकडे सारखंच असतं, भानगड असते दुसऱ्या टोकाची. आयपॉडला २००३ पासून ३० पिनांची पट्टी आली, सोनीच्या वॉकमनला २२ पिनांची. दुसऱ्या पिढीच्या आयपॉड शफलला तर वेगळं भोकच नाही, हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधूनच चार्जिंग होतं. पण पिना कितीही असल्या तरी आपल्याला लागणाऱ्या तारा चारच: ५ व्होल्ट (म्हणजे प्लस), ग्राउंड (म्हणजे मायनस), आणि डेटाच्या दोन, डी प्लस आणि डी मायनस. नुसतं चार्जिंग हवं असेल तर बऱ्याचदा पहिल्या दोनही पुरतात.

बहुतेक जण आधी प्लस शोधायला जातात आणि तिथेच प्लेअर जाळून बसतात. आधी ग्राउंड शोधायचं, प्लस सगळ्यात शेवटी.

सामान: डिजिटल मल्टिमीटर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणारा बझर आणि डायोड टेस्ट असलेला), शिवणाची सुई, भिंग, २५ वॅटची सोल्डरिंग गन, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून तारेला घट्ट बसणारी नळी), एक जुनी यूएसबी केबल, ५०० मिलिॲम्पिअरचा पॉलिफ्यूज (जास्त करंट अडवणारा, पुन्हा पुन्हा चालणारा फ्यूज) आणि ४७ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर. पुण्यात हे सगळं तपकीर गल्लीत मिळतं. रेझिस्टर पाव वॅटचा घेऊ नका. शॉर्ट झालं तर त्यावर अर्धा वॅट पडतो आणि तो काळा होतो. मूळ केबलच हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी तिथल्याच जुन्या बाजारात केबलींच्या ढिगात हात घालून बघा. तुटकी मिळाली तरी चालेल, कारण नकाशा तिच्यातच असतो.

तुटकी केबल हाती असेल तर काम अर्ध्या तासाचं. मीटर बझरवर ठेवा. यूएसबी प्लगमधल्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन लांब असतात, त्या पॉवरच्या. मधल्या दोन आखूड, त्या डेटाच्या. एक प्रोब पट्टीवर धरा. दुसऱ्या प्रोबला सुई बांधा आणि ती एकेका पिनेवर टेकवत जा. बीप वाजला की कागदावर मांडा. कागदाच्या माथ्यावर ‘प्लगचं तोंड माझ्याकडे’ असं आधीच लिहून ठेवा. तोच नकाशा प्लेअरच्या सॉकेटकडे बघताना डावा-उजवा उलटा होतो, आणि सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. एखाद्या तारेला बीपच नसेल तर केबल मानेजवळ वाकवून पाहा, तुटलेली तार तिथेच सापडते. तरीही शांतता असेल तर मीटर २०० किलोओहमवर घ्या. काही प्लगच्या पोटात ओळख पटवणारे रेझिस्टर असतात आणि त्यांच्यातून बझर वाजत नाही. पावसाळ्यात पडून राहिलेल्या केबलवर हिरवट थर चढलेला असतो, तो आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नाहीतर मीटर खोटं बोलतो.

३० पिनांच्या आयपॉडसाठी एवढा खटाटोप नको, कारण त्याचा नकाशा जगजाहीर आहे: १६ ग्राउंड, २३ वर ५ व्होल्ट, २५ डी मायनस, २७ डी प्लस. १९ आणि २० या फायरवायरच्या (यूएसबीसारख्याच दुसऱ्या एका जोडणीच्या) १२ व्होल्टच्या पिना आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

केबलच नाही, नुसता प्लेअर आहे? मग प्लेअर बंद करा. सॉकेटचं धातूचं कवच आणि पिना यांच्यात बझर लावा. ज्या पिना वाजतील त्या ग्राउंड, आणि त्या सहसा एकाहून जास्त असतात. मागचं झाकण निघत असेल तर बॅटरीच्या मायनसवरून खात्री करून घ्या. हेडफोन जॅकच्या बाहेरच्या कड्यावर मात्र विसंबू नका. काही प्लेअरमध्ये ते कडं ग्राउंडला नसून मधल्याच व्होल्टेजवर असतं. प्लेअर चालू करून ते आणि बॅटरीचा मायनस यांच्यात एक-दीड व्होल्ट दिसला तर समजा, हे तसंच आहे.

आता प्लेअर चालू ठेवून बाकीच्या पिनांवरचं डीसी व्होल्टेज मोजा. जिथे आधीच ३.३ वगैरे दिसतं ती पिन बाद, कारण ती प्लेअर बाहेर देतोय. चार्जिंगची पिन केबल नसताना बहुधा शून्याजवळ असते. मग प्लेअर पुन्हा बंद करून डायोड टेस्ट लावा: लाल प्रोब ग्राउंडवर, काळा पिनेवर. शेजारच्या दोन पिनांवर जवळजवळ सारखाच आकडा आला तर त्या डेटाच्या असण्याची शक्यता दांडगी. झाकण उघडं असेल तर सॉकेटमधून निघून मोठ्या कपॅसिटरकडे जाणारी जाड वाट शोधा. ती ५ व्होल्टची.

मग परीक्षा. जुनी यूएसबी केबल कापा, पण तारांच्या रंगावर जाऊ नका. लाल प्लस, काळी मायनस, पांढरी डी मायनस, हिरवी डी प्लस हा नियम स्वस्त केबली पाळत नाहीत. साध्या ५ व्होल्टच्या ॲडॉप्टरला जोडून मीटरने ४.७५ ते ५.२५ व्होल्ट येतात का बघा. फास्ट चार्जर नको. मायनस ग्राउंडला द्या, प्लस ४७ ओहममधून संशयित पिनेला द्या, आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर मीटर ठेवा. तिथे १ व्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिॲम्पिअर. पूर्ण ५ व्होल्ट रेझिस्टरवरच पडले तर पुढे शॉर्ट आहे, लगेच काढा. चार्जिंगचं चिन्ह येऊन लुकलुकत राहिलं तर पिन बरोबर आहे. रेझिस्टरमुळे पुरेसा करंट पोचत नाही, म्हणून ते टिकत नाही. आता रेझिस्टर काढून पॉलिफ्यूज घाला.

काहीच करंट जात नसेल तर दोन शक्यता. बॅटरी पार उतरली असेल तर चार्जर आधी अगदी थोडा करंट देतो, पॉलिफ्यूजवर अर्धा तास थांबा. (फुगलेल्या बॅटरीला मात्र चार्जिंग देऊच नका.) किंवा प्लेअर डेटाच्या तारांकडे बघतोय. बऱ्याच प्लेअरना ॲडॉप्टरच्या बाजूला डी प्लस आणि डी मायनस एकमेकांना जोडलेले लागतात. जुन्या आयपॉडना दोन्हींवर २ व्होल्ट लागतात: प्रत्येक तारेला ५ व्होल्टकडून ७५ किलोओहम, ग्राउंडकडे ५१ किलोओहम. संगणकाला लावल्यावर ‘डिव्हाइस ओळखता येत नाही’ असं आलं तर डेटाच्या तारांची अदलाबदल करून बघा, यात नुकसान नाही.

सोल्डर करण्याआधी हीट श्रिंक तारेत ओवून ठेवा, नंतर जात नाही. आणि जॅकवाल्या प्लेअरला नेहमी आधी प्लेअरमध्ये जॅक घाला, मग यूएसबी लावा. उलट केलं तर आत सरकताना जॅकचं टोक प्रत्येक संपर्काला घासत जातं आणि ५ व्होल्ट भलत्याच ठिकाणी पोचतात.